आमची वाटचाल : मोटर लहान, तार जाड

नागपुरात कूलर दुरुस्तीच्या दुकानाला वर्षातले साडेतीन महिनेच खरं काम असतं. होळीच्या आसपास पहिली मोटर येते. एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांवर गेला की रात्री ११ वाजेपर्यंत वाइंडिंगचं मशीन थांबत नाही. आणि मृगाचा एक चांगला पाऊस झाला की दुसऱ्या दिवशी दुकानात आम्ही घरचेच असतो.

बाबांनी बर्डीत (सीताबर्डीत), नाग नदीजवळच्या गल्लीत हे दुकान टाकलं ते १९८८ साली. पंखे, कूलर, पाण्याचे पंप, ऑटोचे स्टार्टर. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून मी २०११ पासून त्यांच्यासोबत बसते. आज आम्ही चौघं आहोत, आणि पावसाळा ते होळी या काळात मासेमारीच्या कयाकला, म्हणजे वल्ह्याच्या छोट्या अरुंद होडीला, विजेची मोटर बसवून देणं हे आमचं मुख्य काम झालं आहे. समुद्रापासून इतक्या दूर हे कसं काय, असं लोक विचारतात. पण खिंडसी, गोसेखुर्द, भंडारा-गोंदियाकडचे मामा (माजी मालगुजारी) तलाव, एवढं गोडं पाणी आपल्या आजूबाजूला आहे. सुटीच्या दिवशी पहाटे गरी घेऊन निघणारी माणसंही पुष्कळ आहेत.

सुरुवात २०१८च्या पावसाळ्यात झाली. बँकेतून निवृत्त झालेले एक काका लांब दांड्याची मोटर घेऊन आले. वर हँडल, मध्ये नळी, खाली माशाच्या आकाराचा डबा आणि त्याला प्रोपेलर. "ताई, कूलरची नाही ही. पण मोटर तर आहे ना?" बाबांनी डबा उघडला तेव्हा आतून तांबूस पाणी निघालं. आत होतं ते आम्ही रोज बघतो तेच : कायम चुंबक, आर्मेचर म्हणजे तार गुंडाळलेला फिरता भाग, दोन कार्बन ब्रश. ऑटोच्या स्टार्टरची चुलत बहीणच म्हणा. बिघाड मात्र बाहेर होता. प्रोपेलर काढल्यावर त्याच्या मागे शाफ्टला नायलॉनचा दोरा गुंडाळलेला दिसला, गरीचाच, इतका घट्ट की सीलच्या रबरात रुतून बसला होता. बाबांनी चिमट्याने ओढत ओढत दीड हात दोरा काढला. सील कापलं गेलं, पाणी आत शिरलं, आर्मेचर गेलं. नवे सील बेअरिंगच्या दुकानात मिळाले, आर्मेचर आम्ही बांधलं, वॉर्निश देऊन सुकवलं आणि पाण्याच्या ड्रममध्ये चालवून दाखवलं.

त्या रात्री मी या मोटरींबद्दल वाचत बसले. ट्रोलिंग मोटर म्हणतात त्यांना. अमेरिकेत नॉर्थ डकोटातल्या फार्गो गावी ओ. जी. श्मिट नावाच्या माणसाने १९३४ साली फोर्ड मॉडेल ए गाडीचा स्टार्टर घेतला, त्याला लवचीक शाफ्ट आणि प्रोपेलर जोडला, आणि अशी मोटर तयार केली. बाबांना हे सांगितलं तर त्यांनी हातातला स्टार्टर खाली ठेवला. "म्हनजे आपल्यासारखाच मानूस होता तो," एवढंच बोलले. पण तिथून पुढे या कामात त्यांचा जीव लागला.

काकांनी मग पूर्ण कयाकच आणून टाकली. साडेदहा फुटांची, वर बसायची, जाड प्लास्टिकची. ऑनलाइन मागवलेली ५५ पौंडांची दुसरी मोटर (हे पौंड वजनाचे नाहीत, पाणी मागे ढकलायच्या जोराचे) आणि इन्व्हर्टरच्या दुकानातली १०० एएचची (अँपिअर-तासांची) लेड ॲसिड बॅटरी. आमची पहिली पूर्ण फिटिंग, आणि तीत आम्ही तीन चुका केल्या.

पहिली चूक वजनाची. बॅटरी २८ किलोची. मागे सामानाची खोलगट जागा असते, तिथे ती छान बसली, म्हणून तिथेच बांधली. मोटर ९ किलोची, तीही मागेच, अगदी टोकाला. काका ८५ किलोचे. खिंडसीच्या काठावर ते बसले तशी कयाकची शेपटी खाली गेली आणि बसायच्या जागेखालच्या निचऱ्याच्या छिद्रांतून पाणी वर यायला लागलं. नाक हवेत. वारा आला की ते भिंगरीसारखं फिरत होतं. आम्ही काठावरच बॅटरी सोडवली आणि पुढे, पायांच्या पलीकडे नेली. होडी सपाट झाली.

पण बॅटरी पुढे गेली म्हणजे तारही लांबली, आणि दुसरी चूक तिथे झाली. घरात एसीच्या पॉइंटला टाकतात ती ४ एमएमची (म्हणजे ४ चौरस मिलिमीटर छेदाची) तार आमच्याकडे होती, तीच जोडली. अर्ध्या तासात काका परत आले, मोटर मंद आणि तारेचा जोड इतका गरम की हात लावता येईना. मीटर लावला. बॅटरीवर १२.३ व्होल्ट, मोटरीच्या टोकाला ११.१. ही मोटर पूर्ण वेगात ५० अँपिअरच्या घरात खाते. जायची अडीच मीटर आणि यायची अडीच मीटर, अशा पाच मीटर तारेत सव्वा व्होल्ट नुसता उष्णतेत जात होता, म्हणजे जवळपास ६० वॉट. एक बल्बच जळत होता म्हणा तारेत. बाबा म्हणाले, "तारेत जीव नाई तं मोटर काय करन?"

आता ५५ पौंडांच्या मोटरीला आम्ही १६ एमएमची आणि ३० पौंडांच्या मोटरीला १० एमएमची तांब्याची, कथिलाचा मुलामा दिलेली तार घालतो. तारेच्या टोकाचं थिंबल हायड्रॉलिक क्रिंपरने दाबलेलं, वर गोंद असलेली हीट श्रिंक, म्हणजे गरम केल्यावर आवळणारी नळी. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात डीसीचा ब्रेकर. घरातला साधा एमसीबी इथे चालत नाही. एसीचा प्रवाह सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो म्हणून तिथली ठिणगी विझते, डीसीची ठिणगी पेटलेलीच राहते. हे मी ग्राहकाला बोर्डवर चित्र काढून दाखवते, कारण पैसे वाचवायला नेमकी हीच वस्तू लोक गाळतात.

तिसरी चूक कळायला आम्हाला वर्ष लागलं. मोटरच गरजेपेक्षा मोठी होती.

हिशेब सोपा आहे. माणूस, कयाक, बॅटरी, सामान मिळून १६० किलो धरा, म्हणजे ३५० पौंड. दर १०० पौंडांमागे २ पौंड जोर, हा या धंद्यातला जुना ठोकताळा. त्या हिशेबाने ७ पौंड पुरतात. खिंडसीवर दुपारी उठणारा वारा धरला तरी ३० पौंडांची मोटर भरपूर. आणि मोठी लावून वेगही वाढत नाही. दहा फुटांच्या अशा होडीची पाणी कापायची हद्द ताशी साडेसात किलोमीटरच्या आसपास संपते. त्यापुढे ती स्वतःच उठवलेल्या लाटेवर चढायला बघते आणि बॅटरी फुकट जाते. त्या हद्दीच्या आतसुद्धा वेग दुप्पट करायचा तर ताकद साधारण आठपट लागते. म्हणून आमच्याकडे ग्राहक आला की मी आधी त्याचं वजन विचारते. पाच वेगांचं बटण असलेली स्वस्त मोटर मागितली तर तिचंही सांगते : कमी वेगात तिची उरलेली वीज कॉइलमध्ये जळते. पीडब्ल्यूएमवाली, म्हणजे वीज झटपट चालू-बंद करून वेग कमी करणारी, थोडी महाग, पण हळू चालवताना बॅटरी खरंच वाचते. तीस पौंडांची पीडब्ल्यूएम मोटर मध्यम वेगात दहाएक अँपिअर खाते, मग ५० एएचची लिथियम फॉस्फेट बॅटरी चार तास आरामात पुरते. वजन सहा-सात किलो. २८ किलोच्या लेड ॲसिडमधून रोज अर्ध्याहून जास्त वीज काढली तर ती लवकर मरते, हे इन्व्हर्टरवाल्या प्रत्येक घराला माहीत आहे.

मग आली २३ सप्टेंबर २०२३ची पहाट. अंबाझरी तलाव ओसंडला, नाग नदी रस्त्यावर आली, आणि आमच्या दुकानात कमरेएवढं पाणी शिरलं. पुढच्या सीझनसाठी बांधून ठेवलेल्या कूलरच्या मोटरी, वायरचे रीळ, मशीन, सगळं चिखलात. बाबा दोन दिवस बोलले नाहीत. चिखल उपसताना खालच्या फळीवर एका ग्राहकाची ट्रोलिंग मोटर सापडली, आमच्याच हातची, शाफ्टला पाठीला पाठ लावून दोन सील घातलेली. बाबांनी ती पुसली, डबा उघडला. आत कोरडं खडखडीत. ब्रशवरची काळी पूड बोटाला लागली तशीच. त्यांनी ते बोट मला दाखवलं. त्या दिवशी दुकान पुन्हा उभं करायचं ठरलं.

आम्ही काही कामं नाकारतोही. पवनीकडचे एक ढिवर (मासेमार समाजातले) काका डोंग्याला मोटर लावून मागत होते. त्यांच्या तलावात शिंगाड्याची लागवड. मी जाऊन पाहिलं, गवत कापणारा प्रोपेलर लावूनही पाहिला. पन्नास हातांत वेल गुंडाळून मोटर थांबली. काकांनीच ती वर उचलली, बांबू टेकवला आणि डोंगा सरळ काढला. "काठाशी बांबूच, बेटा. तुझी मोटर मधात." त्यांना मी मोटर विकली नाही. पण तेव्हापासून आमच्या प्रत्येक फिटिंगमध्ये मोटर एका दोरीने बसल्याजागी वर उचलता येते.

बाकी सूचना थोड्या आहेत, आणि नागपूरच्या उन्हासाठी त्यातली एक महत्त्वाची. लिथियम फॉस्फेटला साधारण ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचं असतं, आणि मे महिन्यात गाडीच्या डिकीत राहिलेली बॅटरी त्याहून नक्की गरम असते. घरी आणा, पंख्याखाली ठेवा, रात्री चार्जिंगला लावा. दर चार-पाच फेऱ्यांनी प्रोपेलर काढून मागे दोरा अडकला आहे का ते बघा, दोन मिनिटांचं काम आहे. लाइफ जॅकेट अंगात हवं. तलाव ज्या संस्थेकडे किंवा खात्याकडे आहे त्यांना विचारूनच पाण्यात उतरा. पेंचच्या जंगलातल्या तोतलाडोह धरणासाठी विचारायला येणाऱ्यांना मी सांगते की तिथे मासेमारीला बंदी आहे, त्या कामाला आमची फिटिंग मिळणार नाही.

आजही प्रत्येक मोटर द्यायच्या आधी आम्ही मागच्या अंगणातल्या सिमेंटच्या टाक्यात उतरवतो. फळीवर मोटर, फळीला दोरी, दोरीला भंगारवाल्याकडचा लटकता काटा, काट्याला भिंतीतली कडी. ३० पौंड म्हणजे साडेतेरा किलो. काटा तेरावर स्थिर झाला की बाबा चष्मा वर करून आकडा मोठ्याने वाचतात, मी अँपिअर आणि व्होल्ट वाचते, आणि तिन्ही आकडे तारखेसकट एका चिठ्ठीवर लिहून बॅटरीच्या पेटीच्या झाकणाआत चिकटवते.