चरण सुटलं की पाऊल बघावं

पुणे ते सासवड हा माऊलींच्या पालखीचा सगळ्यांत लांब टप्पा. दिवे घाट लागतो तोवर पाय बोलायला लागलेले असतात आणि माणसं गप्प होतात. चढावर डोक्यात उरतं ते एवढंच: श्वास, पुढचं पाऊल, शेजारचा टाळ. ऑफिसातली भांडणं, घराचे हप्ते कुठे जातात कळत नाही. यात भक्ती किती आणि दमछाक किती, ते ज्यानं त्यानं ठरवावं.

सपाटी लागली की मात्र डोकं भराभर चालतं, महिनोन्‌महिने अडलेलं काहीतरी अचानक सुचतं. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या स्टॅनफर्डच्या प्रयोगांत हेच दिसलं होतं: चालताना नवनव्या कल्पना जास्त सुचतात, एकच नेमकं उत्तर शोधायचं असेल, तर चालण्याचा तसा फायदा नाही. म्हणून की काय, दिंडीच्या खर्चाचा हिशेब मुक्कामाला बसूनच जुळतो.

खरी गंमत अभंगांची. घरी पुस्तक घेऊन पाठ न होणारे अभंग पाउली खेळताना तोंडात बसले. एकदा मध्येच चरण सुटलं, मी आठवायला थांबलो. शेजारचे टाळकरी म्हणाले, "थांबून नका आठवू माऊली. पाऊल टाका, येतंय." आणि आलं! शब्द जिभेवर येण्याआधी पायाला ठाऊक होते, असंच वाटलं. तालाचा पायांशी असलेला संबंध डॉक्टरही वापरतात. पार्किन्सनच्या रुग्णाचं अडकलेलं पाऊल ठोका ऐकवला की पुष्कळदा सुटतं.

पंढरपूरला मी एसटीनं बरेचदा गेलोय. खिडकीतून सगळं बघूनही त्या रस्त्याचं फारसं काही आठवत नाही. चालत गेलो तेव्हाचे चढ-उतार मात्र पोटऱ्यांना अजून सांगता येतील. १९६३ साली हेल्ड आणि हाइन या मानसशास्त्रज्ञांनी मांजरीच्या पिल्लांवर एक प्रयोग केला होता. एक पिल्लू स्वतः चालायचं, दुसरं त्याला जोडलेल्या पाळण्यात बसून फिरायचं. दिसायचं दोघांना सारखंच. पण समोर किती खोल आहे ते ओळखणं, पंजा नेमका टेकवणं चालणाऱ्यालाच जमलं. पाळण्यातल्याला कडा कळेना. पुढे मोकळं सोडल्यावर आपल्या पायांनी हिंडून तेही शिकलं.