गेम चालतो, व्हिडिओला कार्ड मरतं: आरएक्स 580 चा तपास

एएमडीच्या आरएक्स 580 या ग्राफिक्स कार्डाचं प्रकरण एकदाचं उलगडलं. ज्यांना मागचं माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात: सातपूरच्या एका पोराकडून 8 जीबीचं सेकंडहँड कार्ड घेतलं. गेम तासन् तास चालतात, फरमार्क (कार्डावर पूर्ण भार टाकणारी चाचणी) लावलं तरी हूं की चूं नाही. पण व्हिडिओ लावला की थोड्या वेळात स्क्रीन काळी. आवाज तेवढा चालू राहतो, मग तोही अडकतो. मशीनवर लिनक्स मिंट आहे.

एसएमपीएस (मशीनला वीज पुरवणारा डबा) बदलून पाहिला, केबल बदलली, स्लॉट साफ केला, चिपची उष्णता वाहून नेणारी पेस्ट नवी लावली. काही फरक नाही. नाशिकच्या मे महिन्यातली दुपार म्हणून उन्हाळ्यावर ढकलावं, तर रात्री कार्डाचं तापमान पन्नास अंशांच्या आत असतानाही तेच. एम. जी. रोडवरच्या एका दुकानात कार्ड हातात घेऊनच निदान झालं: ‘चिप गेली, रीबॉल करावी लागेल,’ म्हणजे चिप काढून तिच्याखालचं सोल्डर नव्यानं घालायचं. आता जी चिप फरमार्कचा पूर्ण भार झेलते ती गेली कशी, हे काही मला पटेना.

पहिला संशय अर्थातच डिकोडरवर. व्हिडिओ उलगडणारा हा भाग गेमचं चित्र काढणाऱ्या शेडरपासून वेगळा असतो, या कार्डाच्या पोलारिस पिढीत त्याला यूव्हीडी म्हणतात. तो बिघडला तर गेम चालून व्हिडिओ पडणं शक्य आहे. पण व्हीएइन्फो ही कमांड चालवून कार्डाला कोणते व्हिडिओ फॉरमॅट उलगडता येतात त्यांची यादी पाहिली तर एच.264 आणि एचईव्हीसी आहेत, व्हीपी9 नाही, एव्ही1 चा तर प्रश्नच नाही. म्हणजे यूट्यूबचा व्हीपी9 व्हिडिओ मुळात सीपीयूच उलगडत होता. यूव्हीडी बसून होता, तरी कार्ड पडत होतं!

खात्रीसाठी एमपीव्ही या प्लेअरमध्ये स्वतःची फाइल लावली, 2015 च्या सिंहस्थात रामकुंडावर घेतलेलं एच.264 चित्रण. हार्डवेअर डिकोडिंग चालू ठेवून पडलं, बंद करूनही पडलं. स्क्रीन काळी झाल्यावर फोनवरून एसएसएचनं मशीनमध्ये शिरून डीमेसेज, म्हणजे कर्नलची नोंद, काढली. ओळ होती ‘रिंग जीएफएक्स टाइमआउट’, म्हणजे कार्डाच्या ग्राफिक्स भागाची कामांची रांग (रिंग) अडकली. यूव्हीडीची रिंग अडकली असती तर तिथं तिचं नाव आलं असतं. ब्राउझरमधलं हार्डवेअर ॲक्सिलरेशन बंद केल्यावर मात्र सगळं सुरळीत. इथं बरेच जण ‘डिकोडर खराब’ म्हणून फाइल बंद करतात. खरं तर ॲक्सिलरेशन बंद केल्यावर आणखी एक गोष्ट होते: कार्डाला कामच उरत नाही आणि मेमरी तळाच्या क्लॉकवर, म्हणजे सगळ्यात कमी वेगावर, पडून राहते.

म्हणून क्लॉककडे वळलो. आरएक्स 580 च्या मेमरीला तीन पायऱ्या आहेत: 300, 1000 आणि 2000 मेगाहर्ट्झ. आधीच्या आरएक्स 480 ला मधली नव्हती. व्हिडिओसारख्या हलक्या कामाला मेमरी पूर्ण वेगात पळवून वीज जाळू नये म्हणून एएमडीनं 2017 मध्ये 500 मालिकेत ती घातली. गेममध्ये कार्ड सरळ 2000 वर जाऊन बसतं. मधल्या पायरीवर रेंगाळायची वेळ येते ती व्हिडिओतच.

लिनक्सची खरी मजा इथं. परफॉर्मन्स लेव्हल मॅन्युअल करायची आणि पीपी-डीपीएम-एमक्लॉक या फाइलमध्ये पायरीचा आकडा (खालून वर 0, 1, 2) लिहायचा, कार्ड तिथंच अडकून राहतं. 0 वर व्हिडिओ ठीक. 2 वर संध्याकाळभर ठीक. 1 लिहिलं आणि रामकुंडावरची गर्दी आधी हिरव्या चौकोनांत गेली, मग स्क्रीन काळी.

दरम्यान सिडकोतल्या मित्राच्या विंडोज मशीनमध्ये कार्ड लावलं होतं. त्याचा फोन आला, ‘अरे, ड्रायव्हर उभाच राहत नाहीये, कोड 43 ची एरर देतोय. ह्याचा बायोस कोणीतरी उचकलाय, पैज लाव.’ बायोस म्हणजे कार्डावरच साठवलेला, क्लॉक-व्होल्टेज ठरवणारा प्रोग्राम. एएमडीचा विंडोज ड्रायव्हर बायोसची सही तपासतो, लिनक्सचा त्या भानगडीत पडत नाही. म्हणून माझ्याकडे कार्ड गुमान चालू झालं होतं. रॉम (बायोसची फाइल) उतरवून पोलारिस बायोस एडिटरमध्ये उघडला तर क्रिप्टो मायनिंगचा मामला स्पष्टच: 1750 मेगाहर्ट्झचं मेमरी टाइमिंग वरच्या वेगांनाही चिकटवलेलं, मधल्या पायरीचं व्होल्टेज खाली ओढलेलं. मायनिंग करणारा कायम वरच्या पायरीवर, त्याला मधलीशी काय घेणंदेणं?

विकणाऱ्या पोरानं मात्र फसवलं असं वाटत नाही. त्याच्याकडे मी स्वतः व्हिडिओ चालवून पाहिला होता. टेबलावर दोन मॉनिटर होते, एक 144 हर्ट्झचा, एक 60 चा. अशा जोडीला या कार्डांची मेमरी डेस्कटॉपवरही 2000 वरून खाली येत नाही. दोष दिसायला जागाच नव्हती. माझ्याकडे एकच 60 हर्ट्झचा मॉनिटर, त्यामुळे इथं लगेच उघडं पडलं.

नशीब एवढंच, की या कार्डावर दोन बायोस आहेत आणि शेजारी बारीक स्विच. मशीन बंद करून स्विच पलीकडे सरकवला. त्या बाजूचा रॉम मूळचा निघाला. आता पायरी 1 वर अडकवूनही चित्रण शेवटपर्यंत चालतं, मित्राकडे विंडोजचा ड्रायव्हरही तक्रार न करता बसला. डाव्या पंख्याचं बेअरिंग थोडं कुरकुरतं, ते नंतर बघू.

मूळ रॉमची प्रत काढून ठेवली आहे, ती बिघडलेल्या बाजूवर चढवायची आहे. पण सध्या आमच्या भागात दुपारची लाइट येते-जाते. यूपीएसची बॅटरी बदलेपर्यंत फ्लॅशिंगला, म्हणजे रॉम चढवायला, हात लावणार नाही.