कुंपणापलीकडचं झाड

काकांनी फोनवर एवढंच सांगितलं होतं: कुंपणालगतच्या वाफ्याच्या फळ्या कुजल्यात, नवा उंच वाफा करून द्या. जाता जाता म्हणाले, पाणी कितीही घाला, मिरची दुपारी मान टाकते. माती फार भुसभुशीत असेल, पाणी धरत नसेल, असं धरून आम्ही गेलो.

फावडं आत जाईना. वर चार बोटं माती आणि खाली तंतुमुळांचा सलग थर. मिरचीची मुळं अशी नसतात. एक जाड मूळ धरून उकरत गेलो तर ते कुंपणाखालून पलीकडे निघालं, शेजारच्या ताईंच्या झाडाकडे. मुळं पाणी, हवा आणि खत असेल तिकडे वाढतात, वरच्या दिशेनेसुद्धा. काका वर्षानुवर्षं शेणखत घालत होते आणि पोसत होते ते झाड.

काकांचा चेहरा उतरला आणि लगेच चढलाही. "माझ्या हद्दीत आहेत ना? तोडा."

बोटाएवढी मुळं मीही तोडतो, धारदार करवतीने, तुकडा साफ. पण कुंपणाला समांतर चर खणून मुळं अडवणारं जाड प्लास्टिक उभं करायचं, तर मनगटाएवढी तीन मुळं एका रेषेत कापावी लागत होती. खोड कुंपणापासून जेमतेम दीड मीटरवर. शिवाय झाड ताईंच्या छपराकडे कललेलं. कललेल्या झाडाला मागच्या बाजूची मुळं तंबूच्या ताणासारखी धरून ठेवतात, आणि मागची बाजू म्हणजे नेमकी आमची. मी नाही म्हणालो.

मग दुसरा वाद. काकांना कुंपणच वाफ्याची मागची भिंत म्हणून वापरायचं होतं, एका बाजूच्या फळ्या वाचतात म्हणून. व्हिडिओत असंच दाखवतात. पहिल्या दिवशी चित्रण केलं की सगळं सरळच दिसतं. चाळीस सेंटीमीटर ओली माती दर मीटरला साठ-सत्तर किलोचा रेटा आडवा देते. कुंपणाचे खांब वाऱ्यासाठी रोवलेले असतात, मातीसाठी नव्हे. त्यात लाकूड सतत ओलं राहून कुजतं, ते वेगळंच. आणि हे कुंपण दोघांच्या सामाईक मालकीचं.

शेवटी वाफा जमिनीपासून उचलला. तळ असलेली लांब पेटी, खाली वीतभर मोकळी जागा, म्हणजे वर चढू पाहणारं मूळ दिसेल आणि छाटता येईल. कुंपणापासून वीस सेंटीमीटर अंतर. रुंदी साठच ठेवली, कारण हात एकाच बाजूने पोचतो. पलीकडच्या कडेचं तण काढायला वाफ्यात पाय ठेवला की माती दबली. आत तीस सेंटीमीटर माती. सहा मीटर लांबीला ही भरणी एक घनमीटरच्या वर जाते, भिजली की दीड टनाच्या आसपास. म्हणून पेटीचे पाय एकमेकांच्या जवळ घेतले आणि खड्डे न करता सपाट फरशांवर टेकवले. मुळांना धक्का नको. तळाला भोकं, त्यावर कापड. काका खडी घाला म्हणत होते. सगळेच म्हणतात. बारीक मातीतलं पाणी खडीच्या वर अडून राहतं, निचरा सुधारत नाही, उलट मुळांची जागा कमी होते. ओळंबा लावून एकेक पाय सरळ केला. या कामावर मी खूश आहे, लपवत नाही.

काका खूश नाहीत. मागच्या आठवड्यात फोन आला: वाफा चांगला आहे, मिरचीही उभी राहिली, पण ती मुळं तिथे आहेतच, दुसरा एकजण चर खणून सगळी कापून द्यायला तयार आहे. मी कलण्याचं पुन्हा सांगितलं. निदान आधी ताईंशी बोला, म्हणालो. "माझ्या जागेत काय करायचं ते तिला विचारू?" म्हणाले आणि फोन ठेवला.

आमच्या धंद्यात गिऱ्हाइकाच्या घरातली गोष्ट शेजाऱ्याला सांगत नाहीत. एकदा सांगितली की त्या गल्लीतलं काम संपलं. पण छप्पर ताईंचं आहे आणि त्यांना यातलं काहीच ठाऊक नाही. काम चालू असताना त्या कुंपणावरून डोकावून विचारायच्या, "एवढं काय खणताय?" मी म्हणायचो, वाफा.

त्यांच्याकडे जावं की नाही, हे अजून ठरत नाहीये.