ओटीपी कुणाच्या नंबरवर येतो?

परस्पर संमतीचा घटस्फोट, वाटणी ठरलेली. फ्लॅट तिला, त्याचे उरलेले हप्तेही तिलाच. गाडी त्याला. स्त्रीधनाची यादी टिकमार्क करून झालेली. आठ वर्षांची मुलगी आईकडे राहणार, एकाआड एक शनिवार-रविवार बाबाकडे. दोघं वीस महिने वेगळे राहत होते, म्हणून सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या अमरदीप सिंग निकालाच्या आधारे, संमतीच्या घटस्फोटासाठीच्या कलम 13-बीमधली अर्जानंतर सहा महिने थांबायची मुदत माफ करून मागायची, असा वकील म्हणून माझा बेत. सोमवारी पुण्यात शिवाजीनगरच्या कौटुंबिक न्यायालयात अर्ज दाखल करायचा होता. शनिवारी दुपारी दोघांना ऑफिसात बोलावलं ते फक्त कन्सेंट टर्म्स, म्हणजे दोघांनी मान्य केलेल्या अटी, वाचून सह्या करायला. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

सगळं वाचून झाल्यावर माझी ज्युनिअर म्हणाली, "मॅडम, यांचे ओटीपी कुणाच्या नंबरवर येतात?"

मी तिला डोळ्यांनी गप्प केलं. पण ती दोघं एकमेकांकडे बघून चक्क हसली. नंतर साडेतीन तास हलली नाहीत.

यादी करायला घेतली. नेटफ्लिक्सचं दोन मिनिटांत मिटलं. तिथे आपलं प्रोफाइल उचलून नव्या खात्यात नेता येतं. वीजबिल, गॅस, सोसायटीच्या गेटचं ॲप, किराण्याचं ॲप, मुलीच्या शाळेचं ॲप. फुलस्केपची दोन पानं भरली. आणि प्रत्येक ओळीपुढे तोच प्रश्न, नंबर कुणाचा?

गाडी तिच्या नावावर होती. ती त्याच्या नावावर करायचे आरटीओचे 29 आणि 30 नंबरचे फॉर्म मी तयार ठेवले होते, पण फास्टॅग माझ्या डोक्यातच नव्हता. टॅग तिच्या खात्याला जोडलेला. ती सहज बोलून गेली, "गेले सहा शुक्रवार हा मुंबईला जातोय. एक्स्प्रेसवेवरच्या उर्से नाक्याचा टोल कापल्याचा मेसेज मला येतो."

तो गप्प. मग म्हणाला, "आणि तू सोळा तारखेला रात्री पावणेबाराला थर्मामीटर आणि ओआरएस मागवलंस. मुलीला ताप होता ना? मला का नाही सांगितलंस?" किराण्याचं ॲप त्याच्या नंबरवर होतं.

वीस महिने कायदाच काय, आईवडीलही यांना वेगळे समजत होते. मोबाइलला मात्र पत्ता नव्हता.

फोटोंवर गाडी खरी अडली. फोटो-मेल साठवायची जागा घरच्यांनी वाटून घ्यायचा गूगलचा फॅमिली प्लॅन त्याचा. मुलीच्या जन्मापासूनचे बहुतेक फोटो त्याच्या खात्यात, आणि तिचं स्वतःचं खातंही त्याच जागेवर फुगलेलं. ती या फॅमिली गटातून बाहेर पडली की तिच्या वाट्याला फुकटची 15 जीबीच उरणार. त्याहून जास्त भरलेलं असेल तर नवीन मेलसुद्धा येणं बंद. आणि बँकेला, शाळेला, अगदी आमच्या अर्जातही तिचा तोच मेल दिलेला! दोन वर्षं तसंच राहिलं तर आतलं साठवलेलं पुसलं जाऊ शकतं. दागिन्यांसारखं इथे तोडून वाटायचं नव्हतं, नक्कल दोघांनाही मिळू शकत होती. तरी तो म्हणाला, "लग्नाचे फोटो मला नकोत, पण तिच्याकडेही राहायला नकोत." यावर मात्र मी वकिलीचा आवाज काढला. आठवणी पुसून द्या, असला हुकूम कुठलंही कोर्ट देणार नाही, म्हटलं. तो आढ्याकडे बघत राहिला. पाच मिनिटांनी म्हणाला, "दोन हार्डडिस्क घेऊ."

हिंदू विवाह कायदा 1955चा. त्यातलं कलम 27 लग्नात मिळालेल्या, दोघांच्या मालकीच्या वस्तूंबद्दल बोलतं. भांडीकुंडी, कपाट, टीव्ही त्यात बसतात. टोलचा मेसेज कुठे बसवायचा? म्हणून मी सगळं साध्या भाषेत, तारखांसकट अटींमध्येच घातलं. तीस दिवसांत फोटोंची प्रत देणं, त्यानंतरच गटातून बाहेर पडणं, आरसीबरोबर जुना फास्टॅग बंद करणं, प्रत्येक खात्यावरचा दुसऱ्याचा नंबर काढणं. शाळेच्या ॲपवर तेवढे दोघांचेही नंबर राहणार.

प्रिंटआउट निघता निघता तो म्हणाला, "किराण्याचं ॲप काढलं की मला तिचा ताप कळणार नाही."

मुलगी आजारी पडल्यास त्याच दिवशी कळवावे, हे वाक्य आमच्या ठरलेल्या मसुद्यात असतंच. मी ते दाखवलं. तिने माझ्याच पेनाने त्यापुढे लिहिलं, "रात्री कितीही वाजले असले तरी." आणि शेजारी छोटी सही केली.