एकसमान त्वरण काढताना मी काय काय तपासतो

त्वरणाच्या गणितात भागाकार एकच असतो. अंतिम वेगातून सुरुवातीचा वेग वजा करायचा आणि लागलेल्या वेळेने भागायचं. चुका बहुतेक वेळा त्याआधीच होऊन बसलेल्या असतात, म्हणून मी सूत्राकडे वळण्यापूर्वी दोन्ही वेग, वेळ आणि दिशा कागदावर मांडतो.

समजा, सरळ रस्त्यावरच्या गाडीचा वेग ६ सेकंदांत ताशी ३६ किलोमीटरवरून ताशी ९० किलोमीटर झाला. ५/१८ ने गुणलं की १० आणि २५ मीटर प्रति सेकंद मिळतात. बदल १५, भागिले ६, म्हणजे त्वरण २.५ मी/से² (दर सेकंदाला वेग २.५ मीटर प्रति सेकंदाने वाढतो). एकक न बदलता ५४ ला ६ ने भागलं तर ९ येतात. तेही बरोबरच, पण ते दर सेकंदाला ताशी ९ किलोमीटर. त्यापुढे मी/से² लिहिलं की गाडी जवळजवळ मुक्त पतनाच्या त्वरणाने (९.८) धावायला लागते! उत्तर असं ९.८ च्या आसपास आलं की मी आधी एकक तपासतो.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे नुसत्या अंतिम वेगालाच वेळेने भागणं. २५ भागिले ६ हे गाडी थांबलेल्या स्थितीतून निघाली असेल तरच चालेल.

चिन्हाचंही तसंच. भिंतीवर १२ मी/से वेगाने आदळलेला चेंडू ८ मी/से वेगाने उलटा आला, तर वेगातला बदल ४ नव्हे, २० असतो, कारण परतीचा वेग उणे ८ धरायचा.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचं. त्वरण खरंच एकसमान आहे का? वरच्या गाडीच्या दर २ सेकंदांच्या नोंदी १०, १५, २०, २५ असतील तर आहे. वेग-काल आलेख सरळ रेषा येतो आणि तिचा चढ २.५. नोंदी १०, १८, २३, २५ असल्या तरी भागाकाराचं उत्तर तेच येईल, पण ते फक्त सरासरी त्वरण. फरक अंतरात दिसतो. पहिल्या गाडीचा सरासरी वेग १० आणि २५ च्या मधोमध, १७.५, म्हणून तिने १७.५ × ६ = १०५ मीटर कापले. दुसरीचं अंतर तुकड्यातुकड्याने काढलं तर २८ + ४१ + ४८, सुमारे ११७ मीटर भरतं.

पडताळा म्हणून मी वेगांच्या वर्गांतला फरक बघतो. त्वरण एकसमान असेल तर तो २ × त्वरण × अंतर इतका यायला हवा: ६२५ − १०० = ५२५, आणि २ × २.५ × १०५ सुद्धा ५२५.