मीटर बरोबर दाखवतोय, मग कंडेन्सर का काढता?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, आणि हे शेवटचं.

बोटीच्या जुन्या पेट्रोलच्या मोटारी घेऊन बडोद्याच्या दांडिया बाजारात माझ्या ओट्यावर येणारे मोजकेच. पण प्रत्येकाच्या खिशात मल्टिमीटर असतो. ‘0.21 मायक्रोफॅरड दाखवतोय की! मग कंडेन्सर खराब कसा?’ पुढचं वाक्य बोलत नाहीत, पण तोंडावर दिसतं: हा माणूस उगाच बिल वाढवतोय.

अहो, मायक्रोफॅरड म्हणजे कंडेन्सरमध्ये किती चार्ज मावतो ते, आणि तो मीटर हे मोजतो जेमतेम दोन-चार व्होल्टांवर. पॉइंट (प्लगच्या ठिणगीसाठी करंट तोडणारा स्विच) उघडतात तेव्हा कंडेन्सरला दोन-तीनशे व्होल्टांचा दणका बसतो. जुन्याच्या पोटात कागद आणि धातूचा वर्ख गुंडाळलेला. साठ वर्षं दमट हवा खाल्लेला कागद. थंड असताना अगदी सज्जन. फ्लायव्हीलखाली, म्हणजे मोटारीच्या डोक्यावरच्या जड चाकाखाली, तापला की गळायला लागतो आणि प्लगला करंट मिळत नाही. माठात किती पाणी मावतं हे मोजून माठ पाझरतो का ते कळतं का?

म्हणून मी वायर सोडवून 500 व्होल्टांचा मेगर, म्हणजे गळती रोखण्याची ताकद मोजणारा मीटर, लावतो. मग बायकोच्या हेअर ड्रायरने कंडेन्सर तापवून परत लावतो. काटा खाली आला की बाद. (नंतर शॉर्ट करून चार्ज काढायला विसरू नका. मी एकदा विसरलो, कोपरापर्यंत झिणझिण्या.)

हे शहाणपण उशिरा आलं. मामांच्या अस्थी नर्मदेकाठी चांदोदला न्यायच्या होत्या. मामी म्हणाल्या, भाड्याची नाव नको, यांच्याच बोटीने जाऊ. मामांची मोटार ब्रिटिश, एका सिलिंडरची, चाकावर दोरी गुंडाळून ओढायची. आदल्या रात्री मी फ्लायव्हील काढलं, पॉइंट घासले, गॅप 0.020 इंच ठेवला, कंडेन्सरला मीटर लावला. 0.21. पाण्याच्या पिंपात पहिल्याच ओढीला चालू झाली, आणि मी लगेच बंद करून झोपायला गेलो.

मे महिना. ओरसंग नर्मदेला मिळते त्या संगमाच्या जरा अलीकडे, वीसेक मिनिटं चालल्यावर मोटार दोनदा खोकली आणि गप्प. दोरी ओढली. प्लग बदलला. टाकीचं झाकण सैल केलं. पुन्हा ओढली, पुन्हा. हात सोलले. बोट प्रवाहाबरोबर हळूहळू खाली सरकत होती. गुरुजींनी दोनदा घड्याळ पाहिलं, मग भिडेखातर पाहणं सोडून दिलं. मामींच्या मांडीवर कलश. त्यांनी विचारलं, ‘तपासली होतीस ना रे?’

मी ‘हो’ म्हणालो.

शेवटी एका नावाड्याने ‘शुं थयुं, भाई?’ म्हणत दोर फेकला आणि मामा भाड्याच्याच नावेने संगमावर गेले. विधी उरकून सगळे घाटावर उतरले. मी मागे राहिलो आणि उगाच दोरी ओढली. पहिल्या ओढीला चालू. त्या आवाजाने मामींनी पायरीवरून मागे वळून पाहिलं. बोलल्या काहीच नाहीत.

तेव्हाचा मी आजही वाद घालतो: तपासली होती, खोटं कुठे बोललो? खोटं नव्हतंच. पण पिंपात अर्धा तास चालवून पाहिली असतीस तर? तो म्हणतो, रात्रीचे अकरा वाजले होते, शेजारी झोपले होते. हेही खरं.

आता जे कुणाला सांगत नाही ते. त्या रात्री घरी येऊन मी रागाच्या भरात पॉइंट, कंडेन्सर, कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारं तारेचं वेटोळं) सगळंच बदललं. तापल्यावर बंद आणि निवल्यावर चालू, हे लक्षण कॉइलचंही असतं. जुना कंडेन्सर पुढे मेगरवर गरम असताना गळला, हे मी पाहिलंय. कॉइल मात्र भंगारवाल्याला देऊन बसलो होतो. म्हणजे तुम्हाला इतक्या ठासून सांगतो, पण शपथेवर विचाराल तर जीभ अडेल.

‘मग सरळ नवाच टाका ना!’ डब्यातून काढलेला कोरा कंडेन्सरही मेगरवर नापास झालेला पाहिलाय. मी हल्ली 0.22 मायक्रोफॅरडचा, 630 व्होल्टांचा फिल्म कपॅसिटर (प्लास्टिकच्या पापुद्र्याचा कंडेन्सर) सोल्डर करतो. अस्सल पार्टवाले शौकीन नाकं मुरडतात. मुरडू देत.

मामांची मोटार अजून माझ्याच ओट्यावर आहे. पिंपात तासभर चालते. चांदोदला मात्र मी ती परत नेलेली नाही.