वळवाच्या ढगामागे एक दिवस : सोलापूर, तुळजापूर, नळदुर्ग

मे महिन्यात सकाळी सातला सोलापूरचं आभाळ कोरं करकरीत असेल तर बरं वाटतं. सकाळीच ढग आले की जमीन तापत नाही आणि दुपारचं वादळ फुसकं निघतं. त्या दिवशी एकही ढग नव्हता, म्हणून वळवाचं वादळ बघायला निघायचं ठरलं. दोघं जण, चारचाकीनं. एकानं गाडी चालवायची, दुसऱ्यानं फक्त आभाळ आणि फोन बघायचा. दुचाकीवर हा उद्योग करू नये. विजेपासून वाचवतो तो चारी बाजूंनी बंद असलेला गाडीचा पत्रा. रबरी टायरमुळे वाचतो हा गैरसमज आहे.

घरातून निघण्याआधी मी तीन गोष्टी बघतो. पहाटे साडेपाचला हैदराबादहून सोडलेल्या हवामान फुग्याचा आलेख, विंडी या हवामानाच्या ॲपवर ३ आणि ६ किलोमीटर उंचीच्या आसपासचे वारे, आणि दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होऊ लागतं तो आकडा. वरचे वारे सांगतात ढग कुठल्या दिशेनं सरकणार. वळवात ही दिशा रोज बदलू शकते, काल पूर्वेकडून आला म्हणून आजही तिकडूनच येईल असं नाही. त्या दिवशी ईशान्येकडून नैर्ऋत्येकडे होती. दवबिंदू १९ होता, दुपारचं तापमान ४१ जाणार होतं. दोन्हींतला फरक २२. त्याला १२५ नं गुणलं की ढगाचा तळ अंदाजे मीटरमध्ये कळतो, म्हणजे २,७५० मीटर. सोलापूरच्या वळवाची खोड या आकड्यात आहे. तळ इतका उंच असला की पाऊस खाली येता येता निम्मा वाटेतच सुकतो, त्यानं हवा गार आणि जड होते आणि धाडकन खाली कोसळते. म्हणून आपल्याकडे पाऊस चार थेंब आणि वारा मात्र झाडं उपटणारा.

डिझेल टाकी भरून घेतलं. वादळानंतर वीज गेली की पंप बंद, नेटवर्क गेलं की यूपीआय बंद. म्हणून हजारेक रुपये सुटे. माणशी ५ लिटर पाणी, ऑफलाइन नकाशा, दोरी, टॉर्च, जुनी जाड चादर. खायला कडक भाकरी आणि शेंगाचटणी. उन्हात गाडीत दिवसभर राहिली तरी तिला काही होत नाही.

एक वाजता तुळजापूरचा घाट चढून वर थांबलो. बालाघाटाची कड आधी तापते, तिथून हवा वर चढते आणि पहिले ढग बहुधा तिथंच धरतात. शिवाय तिथून सोलापूर, धाराशिव, बार्शी आणि नळदुर्ग अशा चार वाटा फुटतात. वादळामागे पळून ते हाती लागत नाही. त्याच्या वाटेच्या बाजूला आधी जाऊन बसावं लागतं, आणि त्यासाठी वाटा हव्यात. पावणेदोन तास नुसतं बसलो. यात सांगण्यासारखं काही नाही.

पावणेतीनला तीन ढग उभे राहिले. नवखे इथं चुकतात. उपग्रहाच्या चित्रात सर्वांत मोठा पांढरा डाग असतो तिकडे गाडी पळवतात, आणि तो बहुतेकदा मरत चाललेल्या ढगाची पसरलेली ऐरण, म्हणजे ऐरणीसारखा चपटा माथा असतो. एकटा ढग जेमतेम तासभर जगतो. त्यात चित्र हाती येईपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं गेलेली. ताशी २५ किलोमीटरनं सरकणारा ढग तेवढ्यात दहा किलोमीटर पुढे गेलेला असतो. चित्रावरची वेळ यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ असते, साडेपाच तास मिळवायला विसरू नका. हैदराबादच्या रडारवरही फार विसंबत नाही: अडीचशे किलोमीटरवर त्याचा सर्वांत खालचा किरणसुद्धा जमिनीपासून सुमारे ६ किलोमीटर उंच असतो, म्हणजे ढगाचा माथा दिसतो, पोट नाही. डोळ्यांनी बघा. कडा फुलकोबीसारख्या टणक, तळ सपाट आणि काळा, तो ढग जिवंत. कडा कापसासारख्या विस्कटल्या की सोडून द्या.

टणक ढग उमरग्याच्या बाजूला होता. त्याची वाट नळदुर्गच्या पूर्वेनं हायवे ओलांडून अक्कलकोटकडे जाणार, असा हिशेब केला. नळदुर्गला उतरून सोलापूरच्या दिशेनं वळलो आणि इटकळच्या अलीकडे मोकळ्या मुरमावर थांबलो, गाडीचं तोंड सोलापूरकडे. झाड, फ्लेक्स, विजेची तार आणि पत्र्याचं शेड, चारही गोष्टींपासून लांब. समोरच्या ढाब्यावरून मालक हाक मारत होते, "भाऊ, आत या की, तिथं काय करताय?" हात हलवून नको म्हटलं. वादळात वीज जितकी धोक्याची, तितकाच उडता पत्रा. तो एकदम उडत नाही. आधी कडेला थरथरतो, मग एका बाजूचे जे-हुक, म्हणजे पत्रा धरून ठेवणारे वाकडे बोल्ट, एकेक करून निसटतात, पत्रा पुस्तकाच्या पानासारखा उलटतो आणि मग सुटतो.

सव्वाचारला वारा पडला. दोनेक मिनिटं पान हललं नाही. मग पूर्वेला तांबूस भिंत दिसली आणि गाडीच्या काट्यावर तापमान ४० वरून २८ वर आलं. पावसाच्या कितीतरी पुढे येणारी ही थंड हवेची आघाडी. धुळीत काही दिसेनासं झालं तर रस्त्यापासून पूर्ण बाजूला होऊन दिवे बंद करा, ब्रेकवरचा पायही काढा. मागचा लाल दिवा बघून पुढे गाडी चालतेय असं समजून लोक थेट येऊन धडकतात. गारा आल्या तर समोरची काच वाऱ्याकडे ठेवायची: तिच्या दोन थरांमध्ये पातळ पडदा असतो, ती तडकते पण सहसा सांडत नाही, बाजूच्या काचांचा चुरा होतो. चादर त्या काचांना आतून लावायची.

घोळ आमचा झाला तो नंतर. जागा बदलताना मागचं चाक मुरूम सोडून काळ्या रानात गेलं. दहा मिनिटांच्या पावसात काळी माती साबण होते. रेस द्याल तेवढं चाक खाली जातं. गडगडाट चालू असताना उतरायचं नाही, म्हणून शेवटच्या आवाजानंतर अर्धा तास आतच बसलो. मग मागच्या टायरची हवा ३२ वरून २० वर आणली, बांधावरच्या तुराट्या शेतकरीदादांना विचारून चाकाखाली आडव्या घातल्या, त्यावर पायपुसणी. दुसऱ्या गिअरमध्ये, हळू क्लच सोडून गाडी निघाली.

अंधार पडेपर्यंत त्याच वादळातला पुढचा ढग अक्कलकोटपलीकडे गेला होता. वीज आणि आवाजात ४५ सेकंद, भागिले तीन, म्हणजे १५ किलोमीटर. फोटोसाठी हे अंतर बरं. ट्रायपॉड, कॅमेऱ्याचं छिद्र एफ ८, संवेदनशीलता आयएसओ १००, शटर १५ सेकंद उघडं, फोकस लांबच्या टॉवरच्या दिव्यावर हातानं लावलेला. वीस-पंचवीस फ्रेममध्ये चार कामाच्या निघाल्या.

घरी पोचल्यावर झोपायच्या आधी रिमच्या आतली माती पाण्याच्या जोरानं काढली. रात्रभर राहिली तर विटेसारखी वाळते, आणि दुसऱ्या दिवशी चाकाचा तोल बिघडून ऐंशीच्या वेगाला गाडी थरथरली की माणूस अलाइनमेंटवाल्याकडे जाऊन उगाच पैसे घालवतो.